सुभेदारांची चालती खुर्ची

खोली भाड्यानं देण्याआधी माझ्या घरमालकांनी माझे बूट मागून घेतले. मी दारात अनवाणी उभा, आणि ते सोप्यातल्या बाजेवर बसून बुटांचे तळ उजेडाकडं धरून बघताहेत, अशी आमची पहिली भेट.

"टाचा भाईरनं झिजल्यात," ते म्हणाले. "सरळ चालत न्हाईसा, मास्तर."

"लहानपणापासूनची सवय आहे."

"तेच म्हनतो मी. ल्हानपनापासनंची हाय."

खोली मिळाली, पण पुढची तीन वर्षं मी त्या घरात संशयित म्हणूनच राहिलो. मी मूळचा साताऱ्याचा. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि माधवनगरला राहत होतो. मालक फौजेतले सुभेदार, मूळचे म्हसवडकडचे. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली आणि कमरेखालचं अंग मेलं. वरचं अंग मात्र तालमीतल्या वस्तादाचं राहिलं होतं. तीन मणाचा तो देह बाजेवरून न्हाणीपर्यंत उचलून न्यायचा तर चार गडी लागत. रोजचं सगळं त्यांची लेक शालन बघायची. आई नसलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, कमी बोलणारी पोरगी. तिच्या मामांनी सायकलची चाकं लावून एक फळी करून दिली होती, हातांच्या जोरावर सरकून ते त्यावर उतरले की ती बापाला घरातल्या घरात ओढत न्यायची.

सुभेदारांनी सोप्याच्या खांबाला ट्रकचा बाजूचा आरसा ठोकून घेतला होता. त्यात मागची बोळ दिसायची. दूधवाल्यानं आणलेल्या दुधातला पहिला घोट दूधवाल्यानंच प्यायचा असा नियम होता, आणि तो बिचारा बारा महिने उपास मोडून तो पाळायचा. पेपर आला की सुभेदार आधी जाहिराती वाचत. "हितं निदान खोटं हाय ह्ये छापून तरी सांगत्यात," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरनं गोळी दिली की तीच गोळी ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवून हे कशावरचं औषध ते ओळखायला लावत. चुकलं तर दोन्ही डॉक्टर बाद.

"इस्वास पानपतात गेला, मास्तर," ते म्हणत. "आता आपल्याकडं ऱ्हायली ती फकस्त खात्री."

शालनला विट्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं घालतात, तसं त्याचंही लांब मुलखात दुकान होतं. घरी आई, वडील, दोन गाई, थोडी जमीन. शालनचे मामा जाऊन घर बघून आले आणि पसंतीची मान हलवली. सुभेदारांनी विचारलं, "जेवायला काय हुतं?" मामा सरळ माणूस, म्हणाले, "पुरनपोळी."

"मग झालं. पोळ्या खाऊन आलेल्याची साक्ष मी धरत न्हाई. घर मी सोता बघनार."

उचलून नेतो म्हणाले तर तेही नको. "चौगांनी उचलून नेलेला मानूस घर बघत न्हाई, घर त्येला बघतंय." ढकलायच्या खुर्चीतून नेतो म्हटलं तर त्याहूनही नको. "मागनं धरनारा जिकडं वळवंल तिकडंच मी बघायचं व्हय? गोठा कुनी दावायचा? मागलं दार कुनी दावायचं?" लष्करी इस्पितळात त्यांनी एकदा एका साहेबाची परदेशी खुर्ची बघितली होती. बॅटरीवर चालायची, हाताशी दांडा, मागं कोणी नाही. तसली खुर्ची आली की विट्याला जायचं, घर बघायचं, मग सुपारी फोडायची, असं त्यांनी जाहीर केलं.

फौजेच्या कचेरीला अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो, आणि मी लिहिलेलं ते नाक्यावरच्या पोस्टमास्तरकडून परत मराठीत करवून घ्यायचे. दोन्ही मराठ्या जुळल्या तरच पाकीट बंद. पहिल्या अर्जाला पोच आली. दुसऱ्याला एक फॉर्म आला. सातआठ महिन्यांनी रेल्वे पार्सलनं एक खोका आला. आम्ही आनंदानं फोडला तर आत इस्पितळातली घडीची खुर्ची, हातानं ढकलायची. तरी सुभेदार तिच्यात बसले. तिनं एकदा कर्र केलं, पुढची दोन्ही चाकं फाकली आणि सुभेदार फरशीवर आले.

पडल्या पडल्या ते म्हणाले, "ठेसनात बदलली."

"अहो, खोक्यावर सील होतं."

"तेच म्हनतो मी. सील हुतं."

मला त्यांनी स्टेशनावर इन्क्वायरीला पाठवलं. तिथल्या बाबूनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही. मग पुढचे अर्ज सुरू झाले. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं कळवलं की परदेशी खुर्ची आणायला परवाना लागेल आणि तो मिळेलच असं नाही. ते वाचून सुभेदारांना राग यायला हवा होता. पण त्यांनी पत्राची नीट घडी केली, उशाशी ठेवली आणि मला म्हणाले, "लिव्हा. खुर्ची चार मनाला टिकायला पायजे. काळ्या रानातनं चालायला पायजे. उलटी बी यायला पायजे. तिला कुलूप पायजे, आनि त्ये मलाच उघडायला पायजे."

लिहिता लिहिता माझा हात थांबला. दर पत्रात एक अट वाढत होती. ज्याला वस्तू हवी असते तो अटी कमी करत जातो, हे मला बाजारात भाजी घेतानासुद्धा कळतं. या माणसाला खुर्ची नकोच आहे की काय, असा संशय मला पहिल्यांदा तेव्हा आला. संशयाचं घर ते, त्यातला भाडेकरू कोरडा कसा राहणार?

दिवाळीच्या सुमाराला विट्याहून निरोप आला. तुळशीची लग्नं लागली की आम्ही दुसरीकडं बघायला मोकळे. दीड वर्ष थांबलो, आणखी थांबणार नाही. मामा हात जोडून सुभेदारांसमोर बसले. शालन आतल्या दारात उभी होती. सुभेदार म्हणाले, "खुर्ची आली की जाऊ." मामा उठून गेले. शालन आत वळली आणि परातीतलं पीठ मळायला बसली. तिचा चेहरा बघून मला सुभेदारांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तेवढ्यानंही त्यांना संशय आला.

त्याच आठवड्यात मी शालनला सूतगिरणीच्या मागल्या फाटकात पाहिलं. दुपारची वेळ, डोक्यावर पदर. गिरणीतल्या वर्कशॉपचे अण्णा मिस्त्री तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा, दोन पोरांचा बाप. पण माणसाचं मन काय सांगावं? दुसऱ्या दिवशी ती परत तिथं. तिसऱ्या दिवशी तिच्या बाहीला काळं तेल लागलेलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण सुभेदारांनी विचारलं, "मास्तर, दोपारचं ह्या आरशात शालन दिसत न्हाई, कुटं जाती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गिरणीकडं दिसली होती."

ते वाक्य बोलल्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी सुभेदारांनी नुसता आरसा जरा वळवून घेतला. चौथ्या दिवशी सकाळी मात्र घरात आरडाओरडा झाला. मी धावत सोप्यावर गेलो तर ते बाजेच्या एका कडेला सरकून बसले होते आणि गादीखालून निघालेल्या एका वस्तूकडं बोट दाखवत होते. काळा दोरा. चांगला पाच हात लांब, त्याला पाच गाठी.

"करनी!" ते म्हणाले. गोळीबारातून आलेला माणूस दोऱ्याला घाबरला होता. "कुनी हात लावायचा न्हाई. लिंबू आना. अण्णा मिस्त्रीला बोलवा. शालन, हितं हुबी ऱ्हा. मास्तर, तुमी बी."

तासाभरात कोर्ट भरलं. पितळी ताटात दोरा, दोऱ्यावर लिंबू. अण्णा हातातला पाना तसाच घेऊन आले होते. सुभेदारांनी आधी माझी उलटतपासणी घेतली. खोलीत कोण येतं, अमावास्येला मी कुठं होतो, साताऱ्याला माझ्या घरी देवऋषी आहे का. मी नाही म्हणालो तर म्हणाले, "असता तर तुमी न्हाईच म्हनला असता." मग अण्णांकडं वळले.

"अण्णा, माजी पोरगी तुमच्याकडं कशापायी येती?"

अण्णांनी शालनकडं बघितलं. ती पुढं झाली. तिनं लिंबू बाजूला केलं आणि सरळ दोरा उचलला. सुभेदार "आगं, आगं" करत राहिले. तिनं दोऱ्याचं टोक बापाच्या कमरेच्या एका बाजूला धरलं आणि दुसऱ्या बाजूपर्यंत ताणलं. पहिली गाठ बरोबर तिथं आली. मग पुढचा दोरा मांडीपासून गुडघ्यापर्यंत, तिथं दुसरी. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, तिसरी. बसल्या जागेपासून खांद्यापर्यंत, चौथी. कोपरापासून मनगटापर्यंत, पाचवी.

"मापं हायती, आबा," ती म्हणाली. "तुमची. पायाला तेल लावताना घेटली. कमरंखाली तुमास्नी कळत न्हाई, म्हनून जमलं. वरची तुमी झोपल्यावर घेटली, तवाच दोरा गादीखाली ऱ्हायला."

"कशाची मापं?"

"खुर्चीची. बॅटरीवर चालनाऱ्या. अण्णांनी केलीया."

सुभेदारांनी एकेक गाठ बोटानं मोजली. मग म्हणाले, "मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी आनिक चार अटी घाटल्या असत्या."

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं बोलली. सुभेदारांनी मान खाली घातली आणि ताटातलं लिंबू उगीचच इकडून तिकडं केलं. मला मात्र तेव्हा कळलं की जो संशय मला आला होता, तो या पोरीला माझ्या कितीतरी आधी आला होता. आणि मी तिच्यावर काय काय संशय घेतले होते! मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

अण्णांच्या बायकोच्या बाळंतपणात शालननं दोन महिने त्यांच्या घरी भाकरी पोचवल्या होत्या, त्याची फेड म्हणून अण्णांनी हे काम घेतलं होतं. गिरणीच्या मॅनेजरला विचारून मोडीतला माल घेतला. लोखंडी पाइपचा सांगाडा, ट्रकच्या ड्रायव्हरची जुनी सीट, मागं स्कूटरची दोन चाकं, पुढं वळायला एक. मोटर म्हणून मोडीत गेलेल्या ट्रकचा डायनॅमो. "त्यो येरवी फिरून करंट देतोय," अण्णांनी मला समजावलं, "आपून त्येला करंट द्यायचा, मंग त्योच फिरतोय." सीटखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. खुर्ची माणसाच्या चालीनं चालायची आणि एक बटण दाबलं की उलटी यायची.

कुलूपसुद्धा होतं. किल्ली एकच.

सुभेदार लगेच बसले नाहीत. आधी त्यांनी अण्णांना बसवलं. मग अण्णांच्या मांडीवर मला बसवलं. मग आम्हा दोघांवर ज्वारीचं पोतं ठेवायला लावलं आणि आम्हाला तसंच बोळीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. माधवनगरच्या पोरांना पुढं महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. आम्ही परत आल्यावर सुभेदारांनी चाकं बघितली, सांधे बघितले, मग हात पुढं केले. शेजारचा एक गडी धरून आम्ही चौघांनी त्यांना आत ठेवलं. त्यांनी दांडा ढकलला.

खुर्ची गेली. बोळीतून, पिंपळाच्या कडेनं, पार नाक्यापर्यंत. आठ वर्षांनी तो माणूस आपल्या मनानं उजवीकडं वळला होता. परत आले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या. "वारं लय हाय," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी अण्णांना मिठी मारली आणि माझ्या सदऱ्याचं वाटोळं झालं.

आता जायला कारण उरलं नव्हतं की न जायला, कोण जाणे. तुळशीच्या लग्नाला दोन दिवस राहिले असताना सुभेदार म्हणाले, "विट्याला जायाचं. न सांगता. मास्तर आनि अण्णा चला." शालननं डबा बांधून दिला. ओळखीच्या माणसाचा ट्रक, मागं फळ्या लावून खुर्ची वर चढवली, सुभेदार खुर्चीतच बसून राहिले. वाटेत दर गावाला लोक ट्रककडं बघायचे आणि सुभेदार त्यांच्याकडं.

विट्यात घराच्या अलीकडंच खुर्ची उतरवली. "तुमी हितंच थांबा," असं आम्हाला सांगून ते एकटे निघाले. आम्ही अर्थातच भिंतीच्या आडून मागं गेलो. पुढच्या दाराला हा एवढा दगडी उंबरा. आम्ही पोरीच्या दोऱ्यानं माणूस मापला होता, उंबरा कोणीच मापला नव्हता. खुर्चीनं दोनदा धडक दिली आणि थांबली. सुभेदार जरा वेळ तसेच बसले, मग खुर्ची मागं घेतली आणि घराला वळसा घालून परड्यात शिरले. गोठ्यात डोकावले. पाण्याचा हौद बघितला. मागल्या दाराशी चुलीची राख कुठं टाकतात तेसुद्धा वाकून बघितलं.

तेवढ्यात मागल्या दारातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, उंच, हातात खराटा. घुर्रघुर्र करत आपल्या परड्यात शिरलेला तीन मणाचा माणूस बघून दुसरी एखादी ओरडली असती. हिनं खराटा आडवा धरला.

"कोन वं तुमी? कुनाला इचारून आत आलासा?"

"शालनचा बाप. माधवनगरचा."

"शालनच्या बापाला पाय न्हाईत असं सांगितलंय आमाला. तुमी तर गाडीवर हिंडतासा. म्हंजे येक तर ती मानसं खोटं बोलली, न्हाईतर तुमी खोटं बोलतासा."

सुभेदारांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच कौतुक पाहिलं. "पाय हायती, पन चालत न्हाईत. घरात जाऊन मोठी सुई आना आनि टोचून बघा."

बाई खरोखरच आत गेली आणि सुई घेऊन आली. गुडघ्याच्या जरा वर टोचली आणि सुभेदारांच्या डोळ्यांकडं बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही. तेव्हा कुठं तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"न सांगता का आलासा?"

"सांगून आलं की पोळ्या मिळत्यात. घर दिसत न्हाई."

"आमी बी तुमच्याकडं न सांगताच येनार हुतो," ती म्हणाली. मग हौदाच्या कठड्यावर बसली आणि अंगणातच हिशेबाला लागली. मुलगी रागीट आहे का, दात कसे आहेत, आई कशानं गेली, तिच्या बाहीला तेल लागलेलं असतं असं कुणीतरी सांगितलंय ते खरं का. सुभेदार प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर देत होते आणि दर उत्तरावर ती आणखी एक फिरवून प्रश्न विचारत होती. आडोशाला अण्णा मला हळूच म्हणाले, "मास्तर, ही बाई सुभेदारांची भन शोबतीया."

मग तिनं जरा थांबून विचारलं, "पावनं, येक खरं सांगा. पोरगी हिकडं आली की तुमास्नी बघनार कोन? उद्या पंधरा दिसांनी बा पडला, बा आजारी म्हनून तिला माघारी न्ह्यायला मानूस धाडशीला, आनि माज्या पोराचा संसार हितंच लटकंल."

सुभेदार हातातला दांडा उगीच मागंपुढं करत राहिले. खुर्ची इंचभर पुढं जायची, इंचभर मागं यायची.

"ह्योच सवाल कुनी इचारू न्हाई," ते म्हणाले, "म्हनून मी दीड वरीस खुर्ची मागत बसलो."

बाईनं खराट्याकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं. "मंग आता इचारलाया. बोला."

"न्हाई धाडनार."

"कशावरनं?"

"कशावरनं न्हाई," सुभेदार म्हणाले. "त्येवढा इस्वास तुमालाच ठेवायला लागंल. तारीख काढा."

तिनं आतून तांब्याभर पाणी आणलं. ते त्यांनी कुणाला न पाजता घटाघटा पिऊन टाकलं.

आम्ही परत फिरलो. दिवस मावळायच्या आत पोचलो, अण्णा जेवायला धावले. शालन सोप्यावर उभी होती. "कसं हाय घर, आबा?" एवढंच तिनं विचारलं, आणि विचारताना खांबाला घट्ट धरलं.

"घरात न्हाई जाता आलं. उंबरा आडवा आला," सुभेदार म्हणाले. "सासू लय वंगाळ हाय. कशावर इस्वास ठेवत न्हाई. तू तिथं सुखात ऱ्हाशील. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख काढाया सांगितलीया."

शालननं विचारलं, "आनि तुमचं?"

"माजं काय? खुर्ची हाय की. आता तुज्याबिगर माजं कायबी अडत न्हाई."

तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. खुर्चीत ठेवायला त्यांना चार माणसं लागत होती आणि तेल लावायला तीच. शालननं बापाकडं एकदा बघितलं आणि मान हलवली, पटल्यासारखी. मग ती आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज यायला लागला, तो थांबेना.

सुभेदारांनी आरशाकडं तोंड वळवलं. "आज चुलीचा धूर लय झालाय, मास्तर. पोरीच्या डोळ्यात गेला वाटतं."

चूल अजून पेटायची होती.

"होय आबा," मी म्हणालो. "फारच झालाय."